थीम तीच, मांडणी नवी : वाचनालयाच्या संकेतस्थळावर चाइल्ड थीम करताना

आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालतं आणि त्याला ‘ट्वेंटी सिक्स्टीन’ ही थीम लावलेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये वर्डप्रेस ४.४ सोबत आलेली ही थीम जुनी असली तरी हलकी आहे, फुकट आहे आणि नीट लिहिलेली आहे. मांडणी मात्र इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेली. मराठी सूचना, नव्या पुस्तकांच्या याद्या आणि वेळापत्रकं तिच्यात अवघडून बसत होती. ‘नवी थीम घ्या, संपला विषय’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण थीम बदलली की शेकडो जुन्या नोंदी, चित्रं आणि विजेट नव्याने तपासावी लागतात. म्हणून थीम तीच ठेवून, तिच्यावर आधारलेली आपली छोटी ‘चाइल्ड थीम’ करून मांडणी बदलायचं ठरलं. हे काम नुकतंच संपलं. ज्यांना सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, थोडंफार वाचता येतं, पण फाइलीला हात लावायची भीती वाटते, त्यांच्यासाठी सगळा क्रम लिहून ठेवतो आहे.

एक सूचना आधीच. फाइलींची, क्लासांची आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच लिहायची. फंक्शनांच्या आणि हुकांच्या नावांत इथे जोडरेघ दिसते तिथे प्रत्यक्षात अंडरस्कोर (_) असतो. सर्व्हर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतो.

सुरुवात जूनमध्ये झाली, तीही कोडने नाही, तर यादीने. ग्रंथपाल, दोन नियमित वाचक आणि कार्यकारी मंडळातले एकजण यांना संगणकावर आणि मोबाईलवर संकेतस्थळ उघडून दिलं आणि काय खटकतं ते लिहून घेतलं. पाच गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. पानाभोवती काळी चौकट दिसते. मोठ्या पडद्यावर मजकूर अरुंद आणि डावीकडे रिकामी पट्टी. शीर्षक दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. मोबाईलवर वाचनालयाची वेळ शोधायला पार तळापर्यंत जावं लागतं. आणि एकाच पानाचं अक्षर प्रत्येक संगणकावर वेगळं दिसतं. यादी कागदावर असली की काम भरकटत नाही. सीएसएस हाताशी आलं की रंग बदलून बघू, सावली देऊन बघू असं होत जातं आणि मूळ तक्रार तशीच राहते.

मग आठवडाभर काम थांबलं. होस्टिंगच्या पॅनेलचं खातं आधीच्या कार्यवाहांच्या ईमेलवर होतं. ते बदलून घ्यायला वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज, मंडळाच्या ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत पाठवावी लागली. संस्थेचं संकेतस्थळ असेल तर हे काम सर्वांत आधी उरका. वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मध्ये प्रशासकाचा ईमेलही तपासा. काही बिघडलं की वर्डप्रेस त्याच पत्त्यावर पत्र पाठवतं, त्यामुळे तो बंद पडलेला पत्ता असू नये.

खाती हातात आल्यावर बॅकअप. ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पोर्ट’वर विसंबू नका. त्यात नोंदी आणि पानं येतात. थीमच्या सेटिंग, विजेट, प्रत्यक्ष चित्रांच्या फाइली येत नाहीत. पूर्ण बॅकअपला दोन गोष्टी लागतात : पीएचपीमायअॅडमिनमधून काढलेली डेटाबेसची एसक्यूएल फाइल, आणि फाइल मॅनेजरमधून झिप केलेलं डब्ल्यूपी-कंटेंट हे फोल्डर. दोन्ही आपल्या संगणकावर उतरवून घेतली. याच दोन गोष्टी एका झिपमध्ये घालून ‘लोकल’ नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये टाकल्या की संकेतस्थळाची जशीच्या तशी प्रत आपल्या संगणकावर उभी राहते. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर झालं. खऱ्या संकेतस्थळावर चालू काम कोणालाही दिसलं नाही आणि मोडतोड करून पाहायला मन मोकळं राहिलं. या सगळ्या प्रकरणात वेगळा खर्च शून्य. होस्टिंगचे जे वार्षिक पैसे भरत होतो, तेवढेच.

बदल लिहायचे कुठे, हा पहिला निर्णय. पर्याय तीन. मूळ थीमच्या फाइलीत लिहिणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. थीमचं पुढचं अपडेट आलं की संपूर्ण फोल्डर बदलतं आणि आपलं लिहिलेलं पुसलं जातं. दुसरा, कस्टमायझरमधला, म्हणजे थीमची सेटिंग बदलायच्या वर्डप्रेसच्या पडद्यावरचा, ‘अॅडिशनल सीएसएस’चा रकाना. तो वर्डप्रेस ४.७ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून आहे. तिथलं लिखाण डेटाबेसमध्ये राहतं, अपडेटने जात नाही. तुम्हाला फक्त रंग, अंतर, रुंदी एवढंच बदलायचं असेल तर तोच वापरा, चाइल्ड थीमच्या वाटेला जाऊ नका. पण तिथे पीएचपी, म्हणजे थीमचं कोड ज्या भाषेत असतं ती, चालत नाही, आणि आम्हाला मोबाईलवर वरच्या बाजूला नवी विजेटची जागा हवी होती. म्हणून तिसरा मार्ग घेतला, चाइल्ड थीमचा.

चाइल्ड थीम म्हणजे थीम्सच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर, त्यात किमान एक फाइल : स्टाइल.सीएसएस. तिच्या माथ्यावर टिप्पणीच्या खुणांमध्ये दोन ओळी पुरतात. ‘थीम नेम’ आणि ‘टेम्प्लेट’. टेम्प्लेटपुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव हुबेहूब लिहायचं असतं, थीमचं दिसणारं नाव नाही. ‘ट्वेंटी सिक्स्टीन’च्या फोल्डरच्या नावात मध्ये जागा नाही. तिथे जागा सोडली की थीम ‘मोडलेल्या’ यादीत जाते आणि मूळ थीम सापडत नाही असा संदेश येतो. आम्ही ‘व्हर्जन’ची तिसरी ओळही घातली. फाइल लिहायला नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड वापरा. वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर कोड चिकटवून परत उचललं की सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि पीएचपी तिथेच अडतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये पण बीओएमशिवाय जतन करा. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ निवडल्यावर सुरुवातीला बीओएम चिकटवायचं, आणि त्या न दिसणाऱ्या खुणेमुळे ‘हेडर आधीच पाठवले गेले’ अशा अर्थाची चूक येते. पीएचपी फाइलीच्या शेवटी बंद करणारी खूण देऊ नका. तिच्यानंतर राहिलेली एक कोरी ओळही हाच गोंधळ घालते.

एवढ्यावर चाइल्ड थीम सुरू केली की संकेतस्थळ उघडंबोडकं दिसतं. मेनूची साधी यादी, काळी अक्षरं, निळ्या लिंका. पुष्कळ जण इथे घाबरून माघारी फिरतात. काहीही बिघडलेलं नसतं. ट्वेंटी सिक्स्टीन आपली स्टाइलशीट बोलावताना ‘सध्या चालू असलेल्या थीमची स्टाइल.सीएसएस’ असं सांगते. चाइल्ड चालू असल्यावर चाइल्डची, म्हणजे आपली जवळजवळ रिकामी फाइल येते. मूळ थीमची येतच नाही. ती आपण फंक्शन्स.पीएचपीमधून बोलवायची. त्यासाठी डब्ल्यूपी-एन्क्यू-स्क्रिप्ट्स या हुकला, म्हणजे आपलं कोड अडकवायला वर्डप्रेसने ठेवलेल्या जागेला, एक फंक्शन जोडायचं आणि त्यात डब्ल्यूपी-एन्क्यू-स्टाइलला मूळ थीमच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. तो पत्ता गेट-टेम्प्लेट-डिरेक्टरी-यूआरआय हे फंक्शन देतं. गेट-स्टाइलशीट-डिरेक्टरी-यूआरआय नव्हे, ते चाइल्डचा पत्ता देतं आणि तुम्ही होता तिथेच राहता. जुन्या लेखांत सीएसएसच्या आत ‘इम्पोर्ट’ लिहायला सांगतात. चालतं, पण ब्राउझरला आधी एक फाइल उतरवून मग दुसरी मागावी लागते, पान उशिरा रंगतं.

चाइल्डची फंक्शन्स.पीएचपी मूळ फाइलीच्या जागी येत नाही. ती मूळ फाइलीच्या आधी चालते आणि नंतर मूळही चालते. म्हणून मूळ थीममधलं फंक्शन त्याच नावाने पुन्हा लिहिताना ते मूळ थीममध्ये ‘हे आधीपासून नसेल तरच’ अशा अटीत आहे का ते पाहायचं. नसेल तर एकच नाव दोनदा येऊन पान बंद पडतं. आपल्या सगळ्या फंक्शनांच्या नावाला संस्थेच्या आद्याक्षरांचं शेपूट लावलं की हा प्रश्नच उरत नाही. टेम्प्लेटच्या फाइलींचं मात्र उलटं. हेडर.पीएचपी चाइल्डमध्ये ठेवली की मूळची वाचलीच जात नाही.

आता एक बारकावा, ज्यावर लोकांचे दिवस जातात. ट्वेंटी सिक्स्टीनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्टाइलशीटच्या पत्त्यापुढे आवृत्ती म्हणून एक ठरलेली तारीख चिकटवलेली असते. चाइल्डची स्टाइल.सीएसएस त्याच तारखेने पाठवली जाते. तुम्ही फाइलीत कितीही बदल केले तरी पत्ता बदलत नाही, आणि वाचकाचा मोबाईल साठवलेली जुनीच प्रत दाखवत राहतो. शिवाय ब्लॉक्स.सीएसएस नावाची मूळ थीमची आणखी एक फाइल चाइल्डच्या स्टाइलनंतर येते, त्यामुळे बरोबरीच्या नियमांत तीच जिंकते. दोन्हींवर उपाय एकच. चाइल्डच्या स्टाइल.सीएसएसमध्ये फक्त माथ्यावरच्या ओळी ठेवायच्या आणि सगळे बदल वेगळ्या फाइलीत लिहायचे. ती फाइल बोलावताना ‘ट्वेंटीसिक्स्टीन-ब्लॉक-स्टाइल’ या हँडलवर (हँडल म्हणजे वर्डप्रेसमध्ये त्या फाइलीचं ओळखनाव) अवलंबून आहे असं सांगायचं, म्हणजे ती सर्वांत शेवटी येते. आवृत्तीच्या जागी फाइलएमटाइम हे फंक्शन द्यायचं, ते फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ देतं. फाइल जतन केली की पत्ता आपोआप नवा. फाइलएमटाइमला इंटरनेटवरचा पत्ता नाही, सर्व्हरवरच्या फोल्डरचा मार्ग लागतो. म्हणून तिथे शेवटी यूआरआय नसलेलं गेट-स्टाइलशीट-डिरेक्टरी वापरायचं.

बैठक अशी नीट बसल्यावर खरं काम सुरू झालं, आणि ते ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये झालं. पानावर उजवी टिचकी, ‘इन्स्पेक्ट’. किंवा कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून हवी ती जागा निवडायची. उजवीकडे त्या जागेला लागू असलेले नियम दिसतात, हरलेले नियम खोडलेले दिसतात, कोणत्या फाइलीतली कितवी ओळ तेही दिसतं. तिथेच आकडे बदलून पाहायचे. पान ताजं केलं की सगळं पूर्ववत. नियम इथे चालला तरच फाइलीत उतरवायचा, असा दंडक आम्ही पाळला. अंदाजाने लिहिलेलं सीएसएस चाललं नाही की लोक ‘इम्पॉर्टंट’ लावतात, मग त्याला हरवायला आणखी एक ‘इम्पॉर्टंट’, आणि वर्षभराने ती फाइल कोणालाच वाचता येत नाही.

काळी चौकट हे याचं उत्तम उदाहरण. पाहताना वाटतं की बॉर्डर असेल. बॉर्डर कुठेच नाही. बॉडीची पार्श्वभूमी जवळजवळ काळी आहे, तिच्यावर ‘साइट’ या क्लासचा पांढरा डबा चारी बाजूंनी २१ पिक्सेल आत बसवला आहे. आणि वर-खाली सरकताना चौकट टिकून राहावी म्हणून बॉडीच्या आधी-नंतर २१ पिक्सेल उंचीच्या दोन पट्ट्या पडद्याला चिकटवल्या आहेत. म्हणजे काम तीन ठिकाणी आहे. पार्श्वभूमीचा रंग कस्टमायझरमधून पांढरा केला. साइटचं मार्जिन शून्य केलं. पट्ट्यांसाठी ‘बॉडी बिफोर, डिस्प्ले नन’ असं सहज सुचतं आणि ते चालत नाही. थीममधला निवडक (सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) आहे ‘बॉडी, जिला कस्टम-बॅकग्राउंड-इमेज हा क्लास नाही, तिचं बिफोर’. दोन नियमांत कोण जिंकेल ते निवडकाच्या वजनावर ठरतं, आणि त्या ‘नाही’च्या कंसातला क्लासही वजनात मोजला जातो. आपला साधा निवडक वजनात हलका ठरतो, मग तो कितीही शेवटी लिहा. थीमचा निवडक इन्स्पेक्टरमधून जसाच्या तसा उचलून आपल्या फाइलीत ठेवला की वजन समसमान होतं आणि शेवटी आलेला, म्हणजे आपला, जिंकतो. चौकट गेली आणि पान एकदम मोकळं झालं. त्या दिवशी काम जमणार याची खात्री पटली.

हीच रीत पुढे सगळीकडे वापरली. मीडिया क्वेरीमुळे, म्हणजे पडद्याच्या रुंदीची अट घातल्यामुळे, नियमाचं वजन वाढत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. पुष्कळांचा तसा समज असतो.

डावीकडच्या रिकाम्या पट्टीचं काम सर्वांत रंजक निघालं. ट्वेंटी सिक्स्टीनमध्ये ९१० पिक्सेलच्या पुढे पान दोन भागांत वाटलं जातं : मजकुराला ७० टक्के, साइडबारला २५, मधलं ५ टक्के अंतर. त्याच्या आत, ९८५ पिक्सेलच्या पुढे, मजकुराच्या ७० टक्क्यांचे पुन्हा दोन भाग. सुमारे ७१ टक्के मजकूर उजवीकडे, सुमारे २१ टक्के डावीकडे लेखक, तारीख, वर्गवारीसाठी. लेखकाचं छायाचित्र असलेल्या ब्लॉगला ही पट्टी शोभते. आमच्या सूचनांना लेखक एकच, ‘ग्रंथपाल’. म्हणून एन्ट्री-कंटेंट आणि एन्ट्री-फूटर या दोन्हींचा फ्लोट काढला, रुंदी १०० टक्के केली. निवडक पुन्हा थीमचाच, त्यातल्या दोन्ही ‘नाही’सकट.

इथे दोन गोष्टी लगेच पुढे आल्या. पहिली, मोठी चित्रं डावीकडे पानाबाहेर झेपावू लागली. कारण असं की थीमची एक जावास्क्रिप्ट फाइल ८४० पिक्सेल किंवा त्याहून रुंद, पूर्ण आकारात टाकलेली चित्रं शोधते आणि ती डाव्या पट्टीच्या खाली येत असतील तर त्यांना बिलो-एन्ट्री-मेटा हा क्लास लावते. त्या क्लासला डावीकडे उणे ४० टक्के मार्जिन आणि १४० टक्के कमाल रुंदी आहे. पट्टी होती तेव्हा ते चित्र रिकाम्या जागेत छान पसरायचं. पट्टी गेल्यावर जागाच उरली नाही. जावास्क्रिप्टला हात लावायची गरज नाही. त्या क्लासचं मार्जिन शून्य आणि कमाल रुंदी १०० टक्के केली की संपलं. हे सगळ्या नोंदींत दिसत नाही, फक्त मोठं चित्र खाली असलेल्या नोंदीत दिसतं, म्हणून तपासताना जुन्या, लांब, चित्रांच्या नोंदी मुद्दाम उघडा.

दुसरी गोष्ट, ओळी फार लांब झाल्या. मोठ्या पडद्यावर मजकूर ८४० पिक्सेलपर्यंत पसरला आणि ओळ संपवून डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला चुकू लागला. जागा आहे म्हणून ती भरायची नसते. एन्ट्री-कंटेंटला कमाल रुंदी ३८ एम, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या ३८ पट, दिली. १९ पिक्सेलच्या अक्षराला ती सुमारे ७२० पिक्सेल होते. एममध्ये दिल्याचा फायदा हा, की कोणी अक्षराचा आकार वाढवला तरी ओळीत मावणारी अक्षरं तेवढीच राहतात.

अक्षरांवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. या थीमचे मेरीवेदर आणि मॉन्टसेरात हे दोन्ही फाँट देखणे आहेत, पण त्यांत देवनागरी नाही. मग ब्राउझर ज्याच्या त्याच्या यंत्रात जे देवनागरी असेल ते घेतो. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो, अॅपलच्या यंत्रांवर कोहिनूर. अक्षर प्रत्येकाकडे वेगळं दिसण्याचं कारण हे. आम्ही ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घेतला. तो मुक्त परवान्यावर आहे, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारच्या फाइली चाइल्ड थीमच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या, फक्त दोन जाडीच्या, ४०० (साधी) आणि ७०० (ठळक). ठळक अक्षराची फाइल दिली नाही तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून ठळक करतो आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. फाँट-डिस्प्लेला ‘स्वॅप’ दिलं, म्हणजे फाँट येईपर्यंत मजकूर लपून राहत नाही. फाँटच्या यादीत मुक्ता पहिला ठेवा. मेरीवेदर आधी ठेवलं तर रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे त्यातून, देवनागरी मुक्तातून, आणि दोन्हींची उंची जुळत नाही.

फक्त बॉडीचा फाँट बदलून भागत नाही. शीर्षकं, मेनू, विजेटचे मथळे, पानांचे क्रमांक अशा अनेक ठिकाणी मॉन्टसेरात नाव घेऊन लावलेला आहे. मूळ स्टाइलशीट उघडून त्या नावाचा शोध घेतला, सापडलेले सगळे निवडक एकाखाली एक लिहून एका नियमात घातले. नको असलेले दोन्ही फाँट उतरवणं थांबवायला ट्वेंटीसिक्स्टीन-फाँट्स हे हँडल डीक्यू करायचं, म्हणजे मागवलेल्या फाइलींच्या रांगेतून काढायचं, पण ते वीसच्या प्राधान्याने. दहाला चालवलं तर मूळ थीमने ते अजून मागवलेलंच नसतं, आणि तुमचा नकार वाया जातो.

मग देवनागरीची खास पथ्यं. विजेटच्या मथळ्यांना थीमने अक्षरांमध्ये अंतर दिलं आहे, इंग्रजी कॅपिटलांना ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, शब्द सुटा सुटा होतो. लेटर-स्पेसिंग सगळीकडे ‘नॉर्मल’. शीर्षकांची ओळउंची सव्वाच्या आसपास होती. ‘ग्रंथप्रदर्शन व विक्री’च्या खाली ‘शाळांसाठी सर्वोत्कृष्ट पुस्तकं’ आलं की वरची ‘ग्रं’ आणि खालचा रफार एकमेकांत घुसायचे. ती १.४५ केली. मजकुराची १.७५ वरून १.८ केली. ओळउंची देताना एकक लावू नका, नुसता आकडा द्या. पिक्सेलमध्ये दिली तर आतल्या मोठ्या अक्षरालाही तीच बांधील उंची मिळते. आणि वर्डप्रेसच्या ‘सेटिंग्ज’मध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी आहे ना ते पाहा. त्यावरून पानाच्या कोडमध्ये भाषा नोंदवली जाते, ज्या फाँटमध्ये मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ची सोय आहे तो ती अक्षरं या नोंदीवरूनच दाखवतो, आणि दृष्टिहीन वाचकांचे वाचक-प्रोग्रॅम उच्चार याच नोंदीवरून निवडतात. एका निवडीवर इतकं अवलंबून आहे, आणि पुष्कळ मराठी संकेतस्थळांवर ती इंग्रजीच राहिलेली दिसते.

मोबाईलवर वेळ वर आणण्यासाठी फ्लेक्सबॉक्सचा ‘ऑर्डर’ वापरून अख्खा साइडबार वर घेता येतो. ते केलं नाही. दिसण्याचा क्रम बदलतो पण कोडमधला तसाच राहतो, त्यामुळे कीबोर्डने फिरणाऱ्याला पान उलटसुलट लागतं. शिवाय साइडबारमधलं बाकी सगळंही मजकुराच्या आधी येतं. त्याऐवजी रजिस्टर-साइडबारने एक नवी विजेटची जागा नोंदवली. तिच्या ओळखनावात साइडबार-१ ते ३ वापरू नका. ती थीमची आहेत. मग मूळ हेडर.पीएचपी चाइल्डमध्ये उतरवली आणि तिच्या शेवटी, जिथे साइट-कंटेंटचा डबा उघडतो त्याच्या लगेच खाली, डायनॅमिक-साइडबारची एक ओळ घातली. ९१० पिक्सेलच्या वर ती जागा लपवली, कारण संगणकावर उजवीकडे तीच माहिती दिसते.

ग्रंथयादीच्या पानांवर साइडबारच नको होता. तिथे सीएसएसने लपवण्यापेक्षा बरा उपाय सापडला. इज-अॅक्टिव्ह-साइडबार या फिल्टरला, पान असेल आणि विचारणा साइडबार-१ ची असेल तर ‘नाही’ असं उत्तर द्यायचं. थीम स्वतःच साइडबार गाळते आणि बॉडीला नो-साइडबार हा क्लासही लावते, ज्याची मांडणी तिच्यात तयार आहे. आणखी एक : तक्त्यांना थीमने टेबल-लेआउट ‘फिक्स्ड’ दिलं आहे, म्हणून अनुक्रमांकाच्या आणि पुस्तकाच्या नावाच्या रकान्याला सारखीच रुंदी मिळते. ते ‘ऑटो’ केलं आणि मोबाईलवर तक्ता आडवा सरकेल अशी सोय केली.

जुलैमध्ये, सोमवारी वाचनालय बंद असताना, चाइल्ड थीमचं फोल्डर झिप करून खऱ्या संकेतस्थळावर चढवलं. ‘लाइव्ह प्रिव्ह्यू’मध्ये पाहून मग सुरू केलं. थीम बदलताच बोधचिन्ह, माथ्यावरचं चित्र, रंग आणि अॅडिशनल सीएसएस गायब होतं, कारण या गोष्टी वर्डप्रेस प्रत्येक थीमच्या नावावर वेगळ्या साठवतं. मूळ थीमच्या नावावर त्या सुखरूप असतात. आधीच कस्टमायझरचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि सीएसएसची प्रत काढली होती, म्हणून पुन्हा भरायला वेळ लागला नाही. मेनू आणि विजेट सहसा जागेवर येतात, तरी मोजून घ्या. कॅशचं प्लगिन असेल तर त्याचा साठा रिकामा करा, नाहीतर बाहेरच्या वाचकाला आठवडाभर जुनंच पान दिसेल आणि तुम्हाला, लॉगिन असल्यामुळे, नवं.

पीएचपीमध्ये चूक राहून पान बंद पडलं तर वर्डप्रेस ५.२ पासून प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा दुवा येतो. पत्र आलंच नाही तर फाइल मॅनेजरमधून चाइल्डच्या फंक्शन्स.पीएचपीचं नाव बदला. पान कुरूप दिसेल, पण प्रशासनाचं दार उघडेल. अख्खं फोल्डर पुसू नका.

तुमची थीम ब्लॉक थीम असेल, म्हणजे ‘अपीअरन्स’खाली ‘एडिटर’ दिसत असेल, तर यातलं हेडर.पीएचपीचं आणि विजेटचं प्रकरण तुम्हाला लागू नाही. तिथे मांडणी एडिटरमध्ये आणि थीम.जेसन या फाइलीत बदलते. फाँट, ओळउंची आणि अक्षरांतल्या अंतराबद्दल लिहिलेलं मात्र तसंच लागू पडतं.

काम संपल्यावर वाचनालयाच्या दप्तरात एक कागद लावला आहे. कोणती फाइल कशासाठी, बॅकअप कुठे, खाती कोणाच्या नावावर. त्यात शेवटची नोंद हेडर.पीएचपीची आहे : मूळ थीमचं अपडेट आलं की तिची नवी हेडर.पीएचपी आणि आपली प्रत शेजारी उघडून तुलना करायची, कारण वर्डप्रेस हा फरक स्वतःहून सांगत नाही. व्हीएस कोडमध्ये दोन फाइली निवडून ‘कंपेअर सिलेक्टेड’ दिलं की बदललेल्या ओळी रंगवून दिसतात. आपली एक ओळ सोडून दुसरं काही रंगलेलं दिसलं तर नवी फाइल घ्यायची आणि तीत आपली ओळ पुन्हा घालायची.